एकाच हाताच्या दोन सह्या



भाव म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला. एकाला जास्त हवे असते, दुसऱ्याला कमी द्यायचे असते. दोघांच्या ओढाताणीत जो आकडा ठरतो त्याला भाव म्हणतात. आपण इतकी वर्षे भांडलो ते याचसाठी, की या ओढाताणीत शेतकऱ्याचा हात कोणी धरून ठेवू नये.

पण विकणारा आणि घेणारा एकच माणूस असेल तर? कराराच्या कागदावर वरची सही कंपनीचा संचालक म्हणून, आणि खालची सही त्याच्याच मेहुण्याची असेल तर? तिथे आकडा असतो, पावती असते, शिक्का असतो. भाव मात्र नसतो. कारण ओढणारे दोन हात तिथे नसतातच.

हे आज लिहायचे कारण असे. शेतकऱ्यांनी स्वतःची कंपनी काढावी, असा कायदा अलघ समितीच्या शिफारशीनंतर २००३ मध्ये अमलात आला. २०२० मध्ये केंद्राने दहा हजार शेतकरी उत्पादक संघटना उभ्या करण्याची योजना काढली. आज आपल्या सभेला येणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात भागभांडवलाची पावती आहे. आपण कंपनीचे मालक झालो आहोत. मालक झालो की व्यापाऱ्यावर डोळा ठेवणे पुरत नाही, आपल्या माणसांकडेही पाहावे लागते.

रोग जुना आहे

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहास पाहा. गिरणी भागधारकांची, पण कारभार मॅनेजिंग एजंटाच्या पेढीकडे. सुरुवातीच्या काळात अनेक गिरण्यांत एजंटाचे कमिशन नफ्यावर नव्हते, उत्पादनावर होते: सुताच्या पौंडामागे पाव आणा. गिरणी तोट्यात जाओ की फायद्यात, पाव आणा ठरलेला. त्यामुळे सूत खपत नसले तरी काढत राहण्यात एजंटाचे हित होते, भागधारकाचे नव्हते. कापूस खरेदीही पुष्कळदा एजंटाच्याच दुसऱ्या पेढीमार्फत व्हायची आणि त्यावर वेगळी दलाली सुटायची. ही मॅनेजिंग एजन्सीची पद्धत कायद्याने बंद व्हायला १९७० साल उजाडले. वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर एजंटांच्या पिढ्या जगल्या, आणि शेवटी गिरण्यांच्या जागांचे काय झाले ते मुंबईत जाऊन कोणीही पाहावे.

अलीकडचे उदाहरण हैदराबादच्या सत्यम कंपनीचे. संगणकाच्या धंद्यातली नावाजलेली कंपनी. संचालक मंडळावर मोठमोठे विद्वान. १६ डिसेंबर २००८ रोजी या मंडळाने ठरवले, की 'मायटास' नावाच्या दोन कंपन्या सुमारे एक अब्ज साठ कोटी डॉलरना घ्यायच्या. एक जमीनजुमल्याची, दुसरी बांधकामाची. संगणकवाल्याला त्यात काय कळते? उत्तर नावातच होते. 'सत्यम'ची इंग्रजी अक्षरे उलटी वाचली की 'मायटास' होते. दोन्हींच्या मागे कुटुंब एकच. सत्यममध्ये या कुटुंबाचा स्वतःचा हिस्सा तेव्हा दहा टक्क्यांहूनही कमी होता. म्हणजे पैसा बहुतांश लोकांचा आणि माल घरचा.

भागधारकांना आधी विचारले नव्हते. पण त्यांनी असा गदारोळ केला, की काही तासांतच सौदा मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांत, ७ जानेवारी २००९ रोजी, अध्यक्षांनी पत्र लिहून कबुली दिली: वहीत दाखवलेल्या रोकड-शिलकीतले ५,०४० कोटी रुपये मुळात नव्हतेच, आणि मायटासचा सौदा म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी बसवण्याचा शेवटचा प्रयत्न होता. २०१५ मध्ये खालच्या न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा सुनावली. लक्षात घ्या, हे बिंग सरकारी तपासनिसाने फोडले नाही. भागधारकांनी एका घरगुती सौद्याला नाही म्हटले, आणि पुढची भिंत आपोआप ढासळली.

सहकार यातून सुटला असे कोणी म्हणू नये. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. खातेदाराला आपल्याच पैशातले सुरुवातीला हजार रुपयेच काढता येत होते. बँकेने दिलेल्या कर्जातले सत्तर टक्क्यांहून अधिक एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते आणि बँकेचे अध्यक्ष पूर्वी त्याच समूहाच्या कंपनीत संचालक होते. नागरी सहकारी बँकांनी संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक २००३ पासूनचा आहे. दंडक होता, आणि तरी हे झाले.

साखर कारखान्यांची कथा तर आपल्या शिवारातली. राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ २०११ मध्ये बरखास्त झाले. कर्जात बुडालेले सहकारी कारखाने लिलावात खासगी कंपन्यांकडे गेले, आणि त्यांतल्या काहींचे धागे कारभाऱ्यांच्याच घरापर्यंत जातात असे आरोप झाले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून गुन्हा नोंदला गेला. पुढे तपास यंत्रणेने प्रकरण बंद करण्याचे अहवालही दिले. कोण दोषी, हा निवाडा आम्ही करत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्या शेअरवर हे कारखाने उभे राहिले त्या ऊस उत्पादकांना, कारखाना कोणाला आणि किती रुपयांना जातो आहे हे सभेत कोणी विचारले होते का?

आपल्या कंपनीत हे कसे दिसते

आपल्याकडे अब्ज-कोटी नाहीत. पण रोगाला कोटींची गरज नसते. तो चार ठिकाणी दिसतो: गोदामाचे भाडे, खते-बियाण्यांची खरेदी, ट्रकचे भाडे आणि मालाची विक्री. गोदाम अध्यक्षाच्या चुलत्याचे, कृषी सेवा केंद्र एका संचालकाच्या मुलाचे, ट्रक दुसऱ्याचा, आणि सोयाबीन घेणारा व्यापारी तिसऱ्याचा व्याही.

गंमत अशी, की घोटाळा दरात क्वचितच सापडतो. दर सगळ्यांना माहीत असतो, बाजार समितीच्या फळ्यावर लिहिलेला असतो. घोटाळा लपतो घटीत. हिशेब करून पाहू. सोयाबीन १४ टक्के ओलाव्याने घेतले आणि वाळवून १२ टक्क्यांवर विकले. शंभर क्विंटलात कोरडा माल ८६ क्विंटल. तोच माल १२ टक्के ओलाव्याला ९७.७ क्विंटल भरतो. म्हणजे वाळवणीची खरी घट सव्वादोन क्विंटलांच्या जवळपास. काडीकचऱ्याची घट वेगळी धरा, पण ती चाळणीवर मोजून धरा. आता वहीत सरसकट पाच क्विंटल 'वाळवणीची घट' लिहिली, तर शंभरामागे पावणेतीन क्विंटल गेले कुठे? हजार क्विंटलांवर ते सत्तावीस क्विंटल होतात. दर साडेचार हजार धरला, तर सव्वा लाखाच्या आसपास रक्कम. घेणारा परका असता तर आपल्या संचालकाने काट्यापाशी उभे राहून भांडण केले असते. घेणारा व्याही असला की भांडण होत नाही. कुंपणच शेत खाते ते असे.

मग नात्यात व्यवहारच करायचा नाही?

असे आम्ही म्हणत नाही. गावात पक्के गोदाम एकच असते आणि ते बहुधा संचालकाचेच असते. ज्याच्याकडे काही आहे तोच कंपनी काढायला पुढे येतो. त्याचे गोदाम बाजारापेक्षा स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्यावे. नाते हा गुन्हा नाही, लपवणे हा गुन्हा आहे. नियम साधा असावा: ज्याचे हितसंबंध आहेत त्याने ते सांगावे, निर्णयाच्या वेळी उठून बाहेर जावे, निदान दोन परक्यांचे दर मागवावेत, आणि हे सारे इतिवृत्तात लिहावे.

यात प्रामाणिक संचालकाचेच रक्षण आहे. आज तो स्वतःचा ट्रक निम्म्या भाड्यात देतो आणि तरी पारावर त्याच्या नावाने कुजबुज होते. वहीत तीन दर लिहिलेले असले तर कुजबुजीला जागा राहत नाही.

काही मित्र म्हणतात, सरकारने तपासनीस नेमावा. नको. सरकारी तपासनीस आला की त्याच्या चहापाण्याचा खर्चही घटीतच लिहिला जाईल. सभासद हाच तपासनीस. त्याच्या हाती हत्यार आहे, फक्त ते ओळखायला हवे.

कायदा काय देतो

एक: दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक संचालकाने आपले हितसंबंध लेखी कळवायचे असतात. अशा व्यवहारांची नोंदवही कंपनीच्या कार्यालयात सभासदाला पाहता येते, आणि वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सुरुवातीलाच ती मांडायची असते. तुमच्या सभेत ती कधी टेबलावर आली होती का? मात्र एका वर्षात एकूण पाच लाखांपर्यंतच्या मालखरेदी-विक्रीला या नोंदवहीतून सूट आहे. मोठ्या कंपनीला पाच लाख किरकोळ. आपल्याकडे ती वर्षाची कमाई असते.

दोन: संचालकाला किंवा त्याच्या नातेवाइकाला कर्ज वा उचल द्यायची तर सर्वसाधारण सभेची मान्यता लागते. संचालक मंडळ आपल्या अधिकारात ते देऊ शकत नाही.

तीन: सभेच्या किमान चौदा दिवस आधी नोटिशीबरोबर तपासलेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक सभासदाला मिळाले पाहिजे. ताळेबंदाच्या मागच्या टिपांत 'संबंधित पक्षांशी व्यवहार' असे सदर असते. लोक नफ्याचा आकडा पाहून कागद घडी करतात. वाचायचे असते ते हे सदर.

चार: कंपनीच्या नियमावलीत, जिला सी.ए. 'आर्टिकल्स' म्हणतात, आपण लिहू शकतो की अमुक प्रकारचा व्यवहार सभेच्या मान्यतेशिवाय होणार नाही. कायदा किंवा नियमावली मोडून संचालकाने नफा कमावला असेल, तर तेवढी रक्कम त्याच्याकडून वसूल करण्याचा कंपनीला हक्क आहे. कंपनीचा तोटा झाला असेल तर तोही. म्हणजे नियमावलीत लिहिलेल्या एका ओळीला वसुलीचे दात येतात.

ही चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. २०१३ च्या कंपनी कायद्यात अशी तरतूद आहे, की ठरावीक मर्यादेपलीकडच्या घरगुती व्यवहाराला भागधारकांची मान्यता हवी आणि ज्याचे हितसंबंध त्याने त्यात मत देऊ नये. पण मतदानाची ही अट २०१५ मध्ये खासगी कंपन्यांना माफ झाली. आपली उत्पादक कंपनी कायद्याच्या नजरेत खासगी कंपनीसारखीच धरली जाते. तेव्हा सरकारी तारेवर विसंबून चालायचे नाही. आपले कुंपण आपणच घालायला हवे.

जिल्हा बैठकीसाठी ठराव

म्हणून आम्ही असे सुचवतो, की आपल्या प्रभावातल्या प्रत्येक उत्पादक कंपनीने येत्या सभेत नियमावली दुरुस्त करावी. संचालक, त्याचे घर, त्याची सोयरीक यांच्याशी वर्षात पंचवीस हजारांवरचा कोणताही व्यवहार सभेपुढे आल्याशिवाय होऊ नये. ज्याचे हितसंबंध त्याने मत देऊ नये. ओलावा, कचरा आणि घट यांचे आकडे गाडीगणिक वजनपावतीवर लिहावेत आणि दोन सभासदांनी त्यावर सही करावी. रक्कम कमी-जास्त करायची तर बैठकीत चर्चा करू.

दुरुस्तीचा प्रस्ताव दोन तृतीयांश निवडून आलेले संचालक मांडू शकतात किंवा एक तृतीयांश सभासद. मंजूर व्हायला विरोधाच्या निदान तिप्पट मते लागतात. काम अवघड आहे, पण इथे मते शेअरवर नसतात. वीस एकरवाल्याला एक मत आणि दोन एकरवालीलाही एकच.

आमच्या काही संचालक मित्रांना हे वाचून राग येईल. त्यांना एवढेच सांगतो: बाजार समितीत व्यापारी हातरुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवायचा तेव्हा, रुमाल काढा म्हणून ओरडणारे आपणच होतो. आता रुमाल आपल्या हातात आला आहे. तो काढून टेबलावर ठेवायचा की नाही, याचे उत्तर प्रत्येकाने सभेत उभे राहून द्यावे. बैठकीला येताना आपापल्या कंपनीचा गेल्या वर्षीचा ताळेबंद बरोबर आणा. तो मिळाला नसेल, तर तसे लेखी आणा.