जुन्या खेळांचा नवा बोर्ड आणि सिंदीचे दुकान

नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) येथे आमच्या परिचयाचे एक गृहस्थ अनेक वर्षांपासून टीव्ही आणि डिश दुरुस्तीचे दुकान चालवितात. मागील महिन्यात ते भाच्याला घेऊन आमच्याकडे आले. भाच्याने मोबाईलवर एक चित्रफीत दाखविली. पत्त्याच्या पानाएवढ्या एका बोर्डाला टीव्ही आणि दोन रिमोट जोडले की मारिओ, कॉन्ट्रा यांच्यापासून पुढच्या काळातील शेकडो खेळ चालू होतात, असे त्यात दिसत होते. मुलाचा बेत असा की असे दहा संच घ्यावेत, निम्मे तान्ह्या पोळ्याच्या गर्दीत दहा रुपयाला पाच मिनिटे या दराने चालवावेत आणि उरलेले घरोघर विकावेत. त्यासाठी दीड लाख रुपये कर्ज काढायचे. मामांनी आम्हाला विचारले, "भाईजान, हा धंदा आहे की पोरखेळ?"

प्रश्न एका दुकानाचा असला तरी गावोगाव टीव्ही, रेडिओ, मोबाईल दुरुस्तीवर पोट असलेली आपली शेकडो माणसे आहेत. टीव्ही आता कमी बिघडतात आणि बिघडले तर लोक नवे घेतात. त्यामुळे नव्या कामाच्या शोधात असलेल्या सर्वांसाठीच हे लिहीत आहोत.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. संगणकाचा मेंदू, स्मृती, चित्र आणि आवाज हे सर्व ज्यात एकाच पाटीवर बसविलेले असते, तो हा एकपाटी संगणक. यातील सर्वांत नावाजलेला रास्पबेरी पाय हा २९ फेब्रुवारी २०१२ रोजी इंग्लंडमधील केंब्रिजच्या मंडळींनी बाजारात आणला. मुलांनी स्वस्तात संगणक शिकावा हा हेतू आणि किंमत ३५ डॉलर. खेळांचे वेड नंतर लोकांनी त्याला लावले.

जुना खेळ नव्या बोर्डावर चालतो तो दुभाष्यामुळे. जुन्या यंत्राची भाषा वेगळी, नव्या बोर्डाची वेगळी. मध्ये एक प्रोग्राम बसतो. तो जुन्या यंत्राची प्रत्येक आज्ञा वाचून नव्या बोर्डाला त्याच्या भाषेत सांगतो. याला इम्युलेशन म्हणतात. दुभाष्याला दुप्पट-चौपट नव्हे तर कित्येक पट धावावे लागते, म्हणून नवा बोर्ड जुन्या यंत्रापेक्षा फार वेगवान असावा लागतो.

किती वेगवान? येथेच भाच्याचा हिशेब चुकला होता. नव्वदच्या दशकात आपल्याकडे मिडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जी यंत्रे विकली गेली, ती बहुतेक निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमची नक्कल होती. पिवळ्या कॅसेटवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे आणि आत मोजले तर दहा-बाराच खेळ पुन्हा पुन्हा निघत, हे आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल. त्या यंत्राच्या मूळ मेंदूचा वेग १.७९ मेगाहर्ट्झ आणि कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट होती. २०१२ चा पहिला रास्पबेरी पाय ७०० मेगाहर्ट्झचा होता, म्हणजे कॉन्ट्रा खेळण्यापुरते काम तेव्हाच झाले होते. २०२१ मध्ये १५ डॉलरला निघालेला झिरो २ डब्ल्यू हा छोटा बोर्ड ते काम आरामात करतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आलेला रास्पबेरी पाय ५ हा २.४ गिगाहर्ट्झचा चार मेंदूंचा बोर्ड आहे. तो ड्रीमकास्ट आणि पीएसपीपर्यंतची यंत्रे चांगली चालवितो. प्लेस्टेशन २ मात्र त्यावर अजून लंगडते. ज्या गिऱ्हाइकाला मारिओच हवा आहे, त्याच्या माथी पाय ५ मारणे म्हणजे बकरी बांधायला हत्तीचा साखळदंड आणणे होय.

त्यातच भाव चढले आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी जगभरची स्मृती-चिप उचलण्यास सुरुवात केल्यापासून ती महागली. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने पाय ५ च्या ४ गिगाबाइट बोर्डाची किंमत ६० वरून ७० डॉलर आणि ८ गिगाबाइटची ८० वरून ९५ डॉलर केली. आपल्याकडे येईपर्यंत त्यावर कर, वाहतूक आणि दुकानदाराचा नफा चढतो. वर पॉवर सप्लाय, पंखा, कार्ड, पेटी आणि दोन रिमोट हे वेगळेच. पूर्वी हे बोर्ड दरवर्षी स्वस्त होतील असे गृहीत धरून लोक बेत करीत. आता तसे करू नये. घेण्याच्या दिवशीचा भाव विचारावा आणि एकदम दहा घेऊ नयेत.

एक गोष्ट बोर्ड विकणारे सांगत नाहीत, ती आम्ही सांगतो. कंपन्यांनी मोडीत काढलेले छोटे डेस्कटॉप संगणक नागपूरच्या बाजारात वापरलेल्या मालात मिळतात. त्यावर बाटोसेरासारखी मोफत प्रणाली चढविली की खेळाचा संच तयार होतो आणि पुष्कळदा तो पाय ५ पेक्षा जोरकस निघतो. तो आकाराने मोठा असतो आणि वीज जास्त खातो, हे खरे. परंतु त्याचा पंखा, पॉवर सप्लाय आणि पेटी आधीच जोडलेली असते, आणि दुरुस्तीवाल्याला तो उघडताही येतो.

आता आपल्या हवेविषयी. हे बोर्ड थंड देशात तयार होतात आणि तेथेच त्यांची परीक्षा होते. वर्धा-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पाय ५ चा मेंदू ८० अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग कमी करू लागतो आणि ८५ ला आणखी आवरता घेतो. टिनाच्या छपराखाली, बंद प्लास्टिकच्या पेटीत, पंख्याविना तो किती वेळ टिकेल याचा विचार वाचकांनीच करावा. खेळ अडखळू लागला की गिऱ्हाईक म्हणते माल खराब आहे. म्हणून पंखा आणि जाळीची पेटी हा खर्च वाचविण्यासारखा नाही.

विजेचेही तसेच. पाय ५ ला ५ व्होल्ट आणि ५ अॅम्पिअर देणारा सप्लाय लागतो. मोबाईलचे साधे चार्जर ते देत नाहीत, मग पडद्यावर कमी दाबाची खूण येते आणि बोर्ड मध्येच बंद पडतो. आणि खेळ चालू असताना लाईट गेली, तर त्या क्षणी कार्डावर काही लिहिले जात असेल तर कार्डच बिघडते. आमच्या एका ओळखीच्या दुकानात एका पावसाळ्यात तीन कार्डे अशी गेली. उपाय दोन. एक लहान बॅटरीचा बॅकअप ठेवावा, किंवा कार्डावर लिहिणेच बंद होईल अशी सेटिंग करून खेळाची नोंद वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्यावी. शिवाय तयार केलेल्या कार्डाची एक नक्कल दुकानात जपून ठेवावी, म्हणजे गिऱ्हाइकाला अर्ध्या तासात नवे कार्ड करून देता येते. या कामाचे पैसे मागायला संकोच करू नये.

जुने पेटीवजा टीव्ही अजून ज्यांच्या घरी आहेत, त्यांच्यासाठी पाय ४ आणि त्याआधीच्या मोठ्या बोर्डांवर हेडफोनसारख्या छिद्रातून एव्ही चित्र निघते. पाय ५ वर ते छिद्रच नाही, झाल सोडून तार काढावी लागते. एव्ही वायर घेताना सावध असावे. बाजारात कॅमेऱ्याच्या वायरी सारख्याच दिसतात, परंतु त्यांच्या आतील क्रम वेगळा असतो, आणि चित्र पिवळ्याऐवजी लाल टोकातून येते. चित्र काळे-पांढरे किंवा लोळत असेल, तर बोर्ड एनटीएससी पद्धतीवर आहे असे समजावे. आपली पद्धत पाल. ती सेटिंगमधून बदलता येते. याउलट बंदुकीने बदके मारण्याचा खेळ नव्या सपाट टीव्हीवर जुन्या बंदुकीने चालतच नाही, कारण ती बंदूक जुन्या काचेच्या नळीवर प्रकाश उमटण्याचा क्षण पाहून काम करते. गिऱ्हाइकाला हे आधी सांगावे.

येथवर भाचा आनंदात होता. कायद्याची गोष्ट निघताच त्याचा चेहरा उतरला.

दुभाष्या प्रोग्राम बेकायदेशीर नाही. खेळ मात्र कोणाच्या तरी मालकीचे आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे संगणक प्रोग्रामची प्रत विकण्याचा आणि भाड्याने देण्याचा हक्क मालकाचा असतो. कायदेशीर प्रत ज्याच्याजवळ आहे त्याला सुरक्षिततेसाठी एक नक्कल ठेवता येते, परंतु ती मुभा जत्रेत पैसे घेऊन खेळवायला किंवा 'दहा हजार खेळ भरून' पेटी विकायला लागू होत नाही. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. "सगळेच विकतात" हे उत्तर आम्ही अनेकांकडून ऐकले. मोठ्या शहरातील विक्रेता उद्या नाव बदलून दुसरीकडे दुकान मांडील. सिंदीसारख्या गावात, जेथे दुकानदाराला आणि त्याच्या वडिलांना सारे गाव ओळखते, तेथे एक तक्रार पुरे. आणि दुसऱ्याचा माल विचारल्यावाचून विकून केलेल्या कमाईत बरकत किती, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे कलम फारसे कोणाला ठाऊक नसते. २०१२ च्या सक्तीच्या नोंदणीच्या आदेशात केंद्र सरकारने ज्या वस्तू पहिल्याच यादीत घेतल्या, त्यात व्हिडिओ गेमचा समावेश होता. म्हणजे स्वतःच्या नावाची खेळाची पेटी तयार करून विकायची, तर नोंदणीचा प्रश्न येतो. गिऱ्हाइकाने स्वतः आणलेले भाग जोडून देणे आणि त्याची मजुरी घेणे ही वेगळी गोष्ट. याबाबत कर सल्लागाराला विचारूनच पाऊल टाकावे.

पैसे लावून खेळण्याचा मोह तर मुळीच नको. व्हिडिओ गेमच्या नावाने जुगार चालविणाऱ्या पार्लरवर महाराष्ट्रात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्याखाली छापे पडत आले आहेत, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. "जिंकेल त्याला शंभर रुपये" असा फलक लावला की मुलांचा खेळ पोलिसांचा विषय होतो.

मग उरते काय? आमच्या मते पुष्कळ उरते. सुपरटक्सकार्ट हा गाड्यांच्या शर्यतीचा खेळ मुक्त परवान्याचा आहे. तो एकाच टीव्हीवर चौघांना खेळता येतो आणि पाय ५ वर चालतो. सुपरटक्स हा मारिओच्या धाटणीचा खेळही तसाच मुक्त. जत्रेत हे खेळ मांडले तर कोणाची परवानगी मागावी लागत नाही. मुलांना नाव मारिओच हवे असते, असे भाचा म्हणाला. आम्हाला तसे वाटत नाही. आठ वर्षांच्या मुलाला शर्यत हवी असते आणि शेजारी हरायला मित्र हवा असतो. मारिओचे नाव त्याच्या बापाला हवे असते.

बापासाठी दुसरे काम आहे. ज्यांच्या माळ्यावर जुनी यंत्रे आणि कॅसेटी पडून आहेत, त्यांची यंत्रे दुरुस्त करणे, कॅसेटचे टोक खोडरबराने साफ करणे, फुगलेले कपॅसिटर बदलणे, नव्या टीव्हीला जोडून देणे. या कामाला शहरातही माणूस मिळत नाही. मामांच्या हाताला ते येते, आणि त्याला दीड लाखाचे कर्ज लागत नाही.

आणखी एक वाट लांबची आहे, परंतु आम्हाला ती आवडते. फॅमिकॉमच्या आत जो ६५०२ घराण्याचा मेंदू होता, त्याच घराण्याचा मेंदू बीबीसी मायक्रो या ब्रिटिश संगणकात होता. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' योजनेत देशातील २५० शाळांत हेच संगणक पाठविले गेले. ते तयार करणाऱ्या एकॉर्न कंपनीने १९८५ मध्ये एआरएम हा मेंदू घडविला, आणि रास्पबेरी पाय आज त्याच वंशाच्या मेंदूवर चालतो. म्हणजे हा बोर्ड जुन्या खेळाची नक्कल करतो तेव्हा नातू आजोबांच्या घराण्याची बोली बोलतो. त्या बोलीत आजही हौशी मंडळी नवे खेळ लिहितात. तान्ह्या पोळ्यातील लाकडी बैलांचा खेळ कोणी मराठीत का लिहू नये? अडचण एकच. त्या यंत्रात अक्षर आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकटीत बसवावे लागते. इंग्रजी बसते. आपली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे बसत नाहीत, त्यांना चार-चार चौकटी द्याव्या लागतात. भाच्याने कागदावर 'क्ष' काढून पाहिला आणि बराच वेळ त्यातच रमला.

मामांशी ठरले ते असे. कर्ज काढायचे नाही. एक वापरलेला छोटा संगणक आणि एक झिरो २ डब्ल्यू घ्यायचा, दोन्ही मे महिन्यात दुकानातच टिनाखाली दिवसभर चालवून पाहायचे. टिकले तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी एकच टीव्ही, मुक्त खेळ आणि बॅटरी घेऊन बसायचे. जाताना मामांनी पिशवीतून एक एव्ही वायर काढून दाखविली. ती कॅमेऱ्याचीच निघाली.