ठिपका कोण देणार?

लेकीकडे कोलंबसला गेले असताना मी ओहायो स्टेट विद्यापीठाचा फुटबॉलचा सामना पाहिला. खेळ फारसा कळला नाही. लक्षात राहिला तो बँड. दोनशेहून अधिक वादक वाजवत-चालत मैदानावर इंग्रजी वळणदार लिपीत ‘ओहायो’ हा शब्द रेखतात. शेवटी ‘आय’ या अक्षरावरचा ठिपका म्हणून सूझाफोन हे अंगाभोवती वेढलेले भलेमोठे पितळी वाद्य घेतलेला एक वादक ऐटीत येतो आणि प्रेक्षकांना कमरेत वाकून अभिवादन करतो. कधी सामन्याआधी, कधी मध्यंतरात होणारी ही प्रथा १९३६ पासूनची. लाखभर माणसे उभी राहतात. मीही टाळ्या वाजवल्या.

मग लेकीला विचारले, “यात मुली कधीपासून?” उत्तर मिळाले, १९७३. शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी करणारा ‘टायटल नाइन’ कायदा १९७२ चा. म्हणजे कायदा आला, तेव्हा कुठे दार उघडले. मुलींना फुंकायला दम नव्हता असे थोडेच आहे!

पण दार उघडले म्हणजे घर आपले झाले का? २०१४ साली एका पालकाच्या तक्रारीवरून विद्यापीठाने बँडची चौकशी केली. नव्या मुलामुलींना दिलेली अश्लील टोपणनावे, अंतर्वस्त्रांवर मध्यरात्री काढलेली मिरवणूक असे बरेच अहवालात आले. संचालकांना काढण्यात आले. त्यावर वाद झाला, अनेक माजी वादक त्यांच्या बाजूने उभे राहिले. पण मला टोचला तो ‘परंपरा’ हा शब्द. मैदानावरची अक्षरे परंपरा, आणि मुलीला मान खाली घालायला लावणारे नावही परंपराच?

मैत्रिणींनो, हे काही फक्त तिकडचे नाही. माझ्या शाळेत लेझीम मुलींकडे आणि ढोल मुलांकडे असे. आज आपल्या मुली ढोल-ताशा पथकांत हौसेने वाजवतात, याचा मला आनंदच आहे. पण पथकात मुली किती, एवढे मोजून थांबू नका. सराव संपल्यावर थट्टा कोणाची होते? तक्रार ऐकायला कोण आहे? नियम कोण ठरवते? हेही विचारा.

परंपरा मोडा असे मी म्हणत नाही. तो ठिपका मला फार आवडला. पण तो देणारीला, मैदानात आणि मैदानाबाहेरही, ताठ मानेने चालता आले पाहिजे.