ओळखीची किल्ली आमच्याच हाती हवी!

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी आम्हांला लादलेली ओळख झुगारायला शिकविले. आज मात्र बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या हाती आधारची झेरॉक्स देतो. हवे असते वय. पण आडनाव, पाडा, बुद्धवाडा सारेच उघडे पडते, म्हणजे जातही!

२०२२ साली डब्ल्यूथ्रीसी या जागतिक वेब संस्थेने विकेंद्रित ओळखीचे मानक मान्य केले. त्यात ओळखीची किल्ली ज्याची त्याच्याकडे राहते. अशा तंत्रात विचारले तेवढेच दाखविता येते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणाला मूलभूत हक्क मानले. मग ही किल्ली आम्हांला का नको? मात्र पालघरच्या पाड्यावर ज्याच्याकडे मोबाईल नाही, त्याचे रेशन अडता कामा नये. कामगार संघटनांनो, ही मागणी लावून धरा!