भिजा, पण गारठू नका

जुलै लागला की शनिवारी रात्री पुण्या-मुंबईहून कळसूबाई, हरिश्चंद्रगड, राजमाची, हरिहरच्या दिशेने बसगाड्या सुटतात. प्रत्येकाच्या पाठीवर सॅक, सॅकवर रंगीत रेनकव्हर आणि अंगात नवा रेनकोट. नीट खरेदी केली की माणूस कोरडा राहतो, अशी या तयारीमागची समजूत असते. घाटमाथ्यावर ती दोन तासही टिकत नाही. वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस गळ्यातून, बाह्यांतून, बुटांतून आत शिरतो. तो नाही शिरला, तर चढणीवरचा घाम रेनकोटच्या आतून तेच काम करतो. घामाची वाफ बाहेर सोडणारे महागडे कापडही इथे फारसे उपयोगी पडत नाही, कारण बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असते. वाफ जाणार कुठे? तेव्हा पावसाळी ट्रेकमध्ये माणूस भिजणारच, हे धरून चालावे. खरा प्रश्न पुढचा आहे. भिजल्यानंतर अंगात घालायला कोरडे काय आहे?

गारठ्याने मृत्यू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालय येतो. पण ऑगस्ट २०२३ मध्ये हरिश्चंद्रगडावर पावसात वाट चुकलेल्या तरुणांपैकी एकाचा जीव गारठ्यानेच गेला. हा गड अवघा १,४२४ मीटर उंच आहे आणि तिथे बर्फ कधीच पडत नाही. शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ते ३५ च्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. त्यासाठी बाहेर शून्य अंश असावे लागत नाहीत. १८-२० अंश तापमान, अंगाला चिकटलेले ओले कपडे, सुसाट वारा आणि थकवा एवढे पुरते. हवेच्या तुलनेत पाणी शरीरातली उष्णता सुमारे २५ पट वेगाने ओढून घेते. त्यात जीन्स आणि सुती शर्ट मिळून लिटरभर पाणी सहज धरतात. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, म्हणजे ज्वारीच्या तीन-चार भाकऱ्यांतली ऊर्जा. ‘अंगावरच वाळतील कपडे’ असे म्हणणारा माणूस त्यातला बराच खर्च स्वतःच्या शरीराकडून वसूल करत असतो. चालताना स्नायू उष्णता पुरवत राहतात, म्हणून काही जाणवत नाही. घात होतो तो थांबल्यावर, वाट चुकल्यावर, किंवा कोणाचा पाय मुरगळून सगळा गट वाऱ्यात तासभर ताटकळल्यावर.

डोंगरातल्या माणसांना हे कोणी शिकवावे लागले नाही. बांबूच्या कामट्या आणि पानांचे इरले पाठीवर घेऊन भात लावणारी बाई पावसाला अडवते, पण इरल्याखालून वारा खेळता राहतो; त्यामुळे ती स्वतःच्या घामात उकडून भिजत नाही. धनगराची घोंगडी जड असते, तिला वासही येतो, पण लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही ऊब टिकवते. सुती कापड हे करू शकत नाही. पॉलिस्टर पाणी जवळपास शोषतच नाही, त्यामुळे मैदानावर खेळायला घालतात ती स्वस्तातली जर्सी या कामाला हजारोंच्या जीन्सपेक्षा कितीतरी सरस. आपल्याकडे ट्रेकला जाताना दिसण्यावर जेवढा खर्च होतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यात शरीराची सोय होते.

आता सॅककडे वळू. रेनकव्हर सॅकची बाहेरची बाजू झाकते, पाठीला टेकलेली बाजू उघडीच राहते. पाठीवरून ओघळणारे पाणी तिथूनच आत मुरते. शिवाय कव्हरच्या तळाशी साचलेल्या डबक्यात सॅकचा बूड बुडून बसतो. उपाय साधा आहे. सॅकच्या आत आधी एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घालावी आणि सगळे सामान तिच्यात भरून तोंड पिळून बांधावे. त्यातही कपड्यांचा एक पूर्ण जोड, मोजे आणि कानटोपी वेगळ्या पिशवीत ठेवावी. हा जोड मुक्कामावर किंवा अडचणीतच काढायचा. इथेच बहुतेकांची शिस्त मोडते: दुपारी जरा थंडी वाजली की तो बाहेर निघतो, तासाभरात भिजतो आणि रात्रीसाठी काहीच उरत नाही. सकाळी निघताना पुन्हा ओलेच कपडे चढवावेत. ते जिवावर येते खरे, पण चालायला लागल्यावर दहा मिनिटांत अंग तापते. चढणीवर दम लागेपर्यंत पळू नये, रेनकोटची चेन उघडी ठेवून सावकाश चढावे. घाम जितका कमी, तितके आतून भिजणेही कमी.

गारठ्याची सुरुवात ओळखणे अवघड नाही, पण ती सोबत्यांनी ओळखावी लागते, कारण गारठलेल्याला स्वतःला ती कळत नाही. आधी हुडहुडी भरते, बोटांनी चेन लागेनाशी होते. मग जीभ जड होते, पाय अडखळतात, माणूस चिडका किंवा एकदम गप्प होतो. शरीर ३२ अंशांच्या खाली गेले की थरथर मंदावते आणि थांबते. ते पाहून ‘आता बरा झाला’ असे वाटले तर घोटाळा झालाच म्हणून समजा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांत रक्तातील साखर उतरल्यावरही असेच दिसते, आणि साखर उतरलेल्या शरीराला नीट थरथरताही येत नाही. पन्नाशीनंतर ट्रेकला लागलेल्यांची संख्या पाहता ही बाब किरकोळ नाही. अशा माणसाला वाऱ्याआड न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, खाली सॅक किंवा मॅट घालून जमिनीपासून वेगळे करावे. शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा, गूळ, चिक्की द्यावी. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही ओतू नये. हातपाय चोळू नयेत आणि हलवताना धसमुसळेपणा करू नये, कारण थंड पडलेल्या हृदयाची लय धक्क्याने बिघडू शकते. ‘ऊब येते’ म्हणून घेतलेली दारू कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंद करून उरलीसुरली उष्णता बाहेर घालवते.

राज्याचे साहसी पर्यटन धोरण २०२१ मध्ये आले. आयोजकांची नोंदणी, प्रशिक्षित वाटाडे हे सगळे हवेच. पण पायथ्याच्या गावात चहा होईपर्यंत प्रत्येकाची सॅक उघडून कोरडा जोड पिशवीत आहे की नाही, एवढे पाहायला कोणत्याही परवान्याची गरज नाही. नसेल त्याला खालीच थांबवावे. पैसे भरले आहेत म्हणून वर न्यायचे, हा व्यवहार डोंगरात चालत नाही.

आणि थोडे दवाखान्यांविषयी. तापासाठी वापरतात त्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर ३५ अंशांच्या खालचे आकडे जवळजवळ नसतातच. गडाच्या पायथ्याच्या आरोग्य केंद्रात रात्री आणलेल्या गारठलेल्या मुलाचे तापमान त्यावर ३५ दिसो की ताप नाही असे लिहिले जावो, ते प्रत्यक्षात ३१ असू शकते. मग केसपेपरवर ‘अशक्तपणा’, ‘चक्कर’ अशी नोंद होते आणि किती जण गारठून येतात याचा हिशेबच लागत नाही. कमी तापमान मोजणारा थर्मामीटर ही काही मोठी यंत्रसामग्री नव्हे. घाटमाथ्याजवळच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात तो पुढच्या जूनच्या आत पोहोचायला हवा.