तिची गोळी, माझी गोळी

या विषयावर लिहावं की नाही, असं बरेच दिवस मनात चाललं होतं. विषय घरातला आहे, आणि त्यात माझी स्वतःची चूकही आहे. जिच्याबद्दल लिहितेय ती माझ्या धाकट्या बहिणीची नात. मला मावशीआजी म्हणते. तिला विचारलं तर म्हणाली, "लिही की. फक्त नाव टाकू नकोस आणि आईबद्दल जपून लिही." म्हणून नाव नाही, आणि लिहितेयही जपूनच.

गेल्या दिवाळीत भाऊबिजेला आम्ही सगळे सांगलीला जमलो होतो. वीस-बावीस पानं उठली. जेवणं आटोपून मंडळी सुपारी कातरत बसली होती, तेवढ्यात ही पोरगी कोपऱ्यात उभी राहून पर्समधून गोळी काढून घेताना मला दिसली. पांढरी, लांबट गोळी. गेली सोळा वर्षं मी तीच घेतेय, ओळखणार नाही होय? आणि तेहतीस वर्षं वर्गावर शिकवून कमावलेल्या आवाजात मी म्हणाले, "अगं, ही तर माझी गोळी! तुला कशाला लागली?"

क्षणभर सगळे गप्प. मग एकेक सुरू झाले. "सत्ताविसाव्या वर्षी डायबेटीस?" "बाहेरचं खाणं फार झालंय तुम्हा मुलांचं." "कारल्याचा रस घे रोज सकाळी, गोळ्या कसल्या घेतेस?" आणि सगळ्यांवर कडी माझीच, "गोळी एकदा लागली की सुटत नाही हो बाई, मला विचार." ती हसली आणि भांडी आवरायला आत गेली.

फेब्रुवारीत तिच्या आईचा, म्हणजे माझ्या भाचीचा, फोन आला. एचबीएवनसी म्हणून एक तपासणी असते, मागच्या दोन-तीन महिन्यांत साखर सरासरी कशी होती ते त्यातून कळतं. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. हिची गोळी सुरू करताना ६.८ होती, ती ७.६ झाली होती. गोळी दिवाळीपासून बंद! मी लगेच तिला फोन लावला. "का गं बंद केलीस?"

"तूच म्हणालीस ना सुटत नाही म्हणून. म्हटलं, लागायच्या आतच सोडून द्यावी."

यावर काय बोलणार? आयुष्यभर मुलींना सांगत आले की मोठ्यांचं ऐकावं. हिने ऐकलं.

आता थोडं मागचं सांगते. सतरा वर्षांची असताना हिची पाळी तीन-तीन महिने येईनाशी झाली. हनुवटीवर राठ केस, चेहऱ्यावर मुरमं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं, पीसीओएस. आपल्याकडे बोलताना पीसीओडी म्हणतात तेच. घरात सगळ्यांनी त्याचा एकच अर्थ घेतला: लग्न झाल्यावर मूल होईल ना? साखरेचा विचार दहा वर्षांत कुणाच्याही मनात आला नाही, माझ्याही नाही.

यात त्या नावाचाही थोडा दोष आहे. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा नजरेत भरल्या त्या मोठ्या झालेल्या बीजकोशातल्या 'गाठी'. नावही त्यावरूनच पडलं. खरं तर त्या गाठी नसतात, वाढ अर्धवट राहिलेली बीजं असलेल्या बारीक पुटकुळ्या असतात. आणि आजार काही तिथपुरता नाही. बहुतेक जणींमध्ये त्याच्या मुळाशी इन्सुलिनची भानगड असते.

हे मला डॉक्टरांनी समजावलं आणि मी ते माझ्या शाळेच्या भाषेत बसवून घेतलं. इन्सुलिन म्हणजे नोटीस घेऊन येणारा शिपाई. वर्गात गोंगाट इतका की त्याने दारात उभं राहून वाचलेली नोटीस कुणाला ऐकूच जात नाही. मग मुख्याध्यापक एकाऐवजी चार शिपाई पाठवतात. चौघं मिळून ओरडतात, काम होतं, साखर पेशींत जाते. त्यामुळे रक्तातली साखर कित्येक वर्षं ठीक दिसते. पण हे जादा शिपाई येता-जाता शेजारच्या कचेरीतही डोकावतात, म्हणजे बीजकोशात, आणि तिथे नको ते काम वाढवून ठेवतात. पुरुषी संप्रेरकं जास्त तयार होतात, पाळी बिघडते, केस येतात. पुढे कधीतरी मुख्याध्यापकांनाच शिपाई पुरेनासे होतात. त्या दिवसापासून आपण म्हणतो, 'शुगर निघाली'. ती अचानक निघालेली नसते.

मेटफॉर्मिन ही आमची दोघींची गोळी शिपाई वाढवत नाही. ती वर्गातला गोंगाट थोडा कमी करते, आणि यकृत रक्तात जी साखर सोडत असतं तिलाही आवर घालते. म्हणून अगदी साखर वाढलेली नसतानाही पीसीओएससाठी डॉक्टर ती देतात. आणि म्हणूनच नुसती तीच घेणाऱ्याची साखर एकदम खाली जाऊन चक्कर येण्याची भीतीही फार कमी.

आता कारल्याच्या रसवाल्या मंडळींना एक सांगायचंय. या गोळीचं मूळही एका वनस्पतीत आहे बरं का. युरोपात गॅलेगा नावाचं जांभळ्या फुलांचं झुडूप होतं, त्याचे गुण लोकांना शेकडो वर्षं ठाऊक होते. त्यातल्या द्रव्याच्या जातीचं हे औषध १९२२ साली डब्लिनमध्ये प्रयोगशाळेत बनलं, १९५७ साली पॅरिसच्या डॉ. झाँ स्टर्न यांनी ते मधुमेहासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि अमेरिकेने ते मान्य केलं थेट १९९४ साली. इतकी वर्षं पारखून घेतलेलं औषध आहे. किंमत म्हणाल तर साध्या गोळीला दोन-चार रुपये. कारलं मलाही आवडतं, भाजी करून खावं. औषधाच्या जागी बसवू नये.

"व्यायाम करा, वजन कमी करा, गोळी कशाला?" हा दुसरा आक्षेप. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. चालणं, व्यायाम, ताटातला भात-साखर कमी करणं हा उपचाराचा पायाच आहे, आणि वजन जास्त असेल तर ते शंभरात पाच-दहा भाग उतरलं तरी फरक पडतो. पण हा आजार सडपातळ मुलींनाही होतो. आणि आपण "वजन कमी कर" म्हणतो तेव्हा त्यात सल्ला किती असतो आणि "तुझं तूच ओढवून घेतलंस" हे किती असतं, ते ऐकणारीला बरोबर कळतं. व्यायाम आणि गोळी या काही सवती नाहीत. एका घरात सुखाने नांदतात.

गोळीचे त्रास नाहीत असंही नाही. सुरुवातीला पोट बिघडतं, मळमळतं, तोंडाला धातूसारखी चव येते. हिला ऑफिसात दिवसातून चारदा उठून जावं लागायचं, आणि हे कुणाला सांगायचं म्हणून ती गप्प. गोळी सोडायला तेही एक कारण होतंच. मार्चमध्ये मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. त्यांनी हळूहळू विरघळणारी गोळी दिली, रात्रीच्या जेवणाबरोबर, आधी ५०० मिलिग्रॅम आणि काही आठवड्यांनी वाढवत. तीन आठवड्यांत पोट शांत झालं. इतकं सोपं होतं! पण विचारायला आधी तोंड उघडावं लागतं, आणि आम्ही तर भर दिवाळीत ते बंद करून टाकलं होतं.

आणखी एक गोष्ट अनुभवाची. ही गोळी वर्षानुवर्षं घेतली की शरीरातलं बी-ट्वेल्व्ह कमी होऊ शकतं, आपल्यासारख्या शाकाहारी घरांत तर जास्तच. माझ्या पायांना मुंग्या यायच्या, मी म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. तपासलं तर बी-ट्वेल्व्ह अगदी तळाला! अधूनमधून ते आणि मूत्रपिंडाचं काम तपासून घ्यावं.

आता जपून लिहायचा भाग. भाचीचं म्हणणं असं, की स्थळं बघायचं चाललंय, तेव्हा गोळीचं कुठे बोलू नये. लग्न झालं की बघता येईल. तिची काळजी मला कळते. तिने वाईट हेतूने काहीच केलेलं नाही. पण मला हे पटत नाही, आणि ते केवळ खरं-खोटं या तत्त्वासाठी नाही. लपवलेली गोळी वेळेवर घेतली जात नाही. नव्या घरात सासूसमोर पर्समधून काय काढतेस म्हणून ती दोन दिवस चुकेल, मग चार दिवस, मग बंदच होईल. आणि दिवस राहतात तेव्हा पहिल्या काही आठवड्यांत, पुष्कळदा कळायच्याही आत, बाळाचे अवयव घडत असतात. नेमकी त्याच वेळी आईची साखर वाढलेली असेल तर धोका बाळाला. शिवाय उपचाराने पाळी सुधारली की दिवस राहण्याची शक्यताही वाढते. म्हणजे ज्या मुलासाठी लपवायचं, त्याच्याच मुळावर यायचं. पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना उपचार घेऊन, काहींना तसेही. त्याला गरज असते ती तयारीची. लपवून तयारी होत नाही.

मुलीने स्वतःच यातून वाट काढलीये. पत्रिकेबरोबरच्या कागदावर काही लिहायचं नाही, पण मुलगा दुसऱ्यांदा भेटला की तीच सांगणार. एका ठिकाणी सांगितलं, पुढे निरोप आला नाही. भाची दोन दिवस रडली. मुलगी म्हणाली, "बरं झालं, आत्ताच कळलं."

हे सगळं लिहिताना मला माझ्या आठवीच्या वर्गातली एक मुलगी सारखी आठवतेय. साल १९८५-८६ असेल. शेवटच्या बाकावर बसायची, हाताने हनुवटी झाकून. मुली तिला 'सर' म्हणून चिडवायच्या. मी चिडवणाऱ्यांना एकदा उभं केलं आणि झाकणारीला म्हणाले, "हात खाली घे, नीट बस." एवढंच. तिला काय झालं असेल, डॉक्टरकडे कुणी नेलं का, हे मी विचारलं नाही. तिला हाच आजार होता असं मी आज ठामपणे म्हणू शकत नाही. पण विचारायला हवं होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने पाळीच्या वयातल्या शंभर बायकांत दहा ते तेरा जणींना पीसीओएस असतो. आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत भारतात मधुमेह असलेले १० कोटींहून जास्त. म्हणजे माझी गोळी आणि तिची गोळी एकाच घरात भेटणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. घरात मुलीला पीसीओएस असेल तर तिची साखर न विसरता तपासा, लक्षणांची वाट बघू नका. आणि गोळी सुरू झाली तर मोठ्यांनी आपलं तोंड जरा आवरावं. "सुटत नाही" हे वाक्य तर मी घरातून हद्दपार केलंय. चष्मा लागला की सुटतो का? त्याबद्दल कुणी हळहळत नाही.

जूनमध्ये तिचा आकडा ६.६ आला. अजून पल्ला आहे. परवा ती राहायला आली होती. रात्री जेवताना मी माझा डबा काढला, तिने तिची गोळी काढली, सगळ्यांदेखत. कुणी काही बोललं नाही. मी तर नाहीच नाही.