रेडिओनें आमचेंही ऐकावें

शेतकऱ्याला सांगणारे पुष्कळ झाले. जोशीबुवांनीं पंचांग सांगितलें, पुराणिकबुवांनीं पुराण सांगितलें, कुळकर्ण्यांनीं बाकी सांगितली. आतां पेटींतून रेडिओ सांगतो आणि हातांतल्या मोबाइलवर बियाणेंवाल्याचा माणूस सांगतो. सांगणारा बदलला, पण ऐकणाऱ्यानें मान डोलवून उठावें ही रीत तशीच राहिली. कांहीं विचारावें तर विचारायचें कोणाला?

यावरून आम्ही रेडिओचे वैरी आहों असें कोणीं समजूं नये. ज्या लोकांना पिढ्यानपिढ्या पाटीपासून दूर ठेवलें, त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या भाषेंत, अक्षराची अट न घालतां येणारें हें साधन आहे. धार काढतां काढतां, चाकावर मडकें घडवितां घडवितां तें ऐकतां येतें.

परंतु नुसतें ऐकून काय होतें, याचा हिशेब आपल्याच मुलखांत एकदां झालेला आहे. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या मदतीनें पांच जिल्ह्यांतील सुमारें १५० गांवांत शेतकऱ्यांचीं मंडळें स्थापिलीं. मूळ कल्पना कॅनडांतली. तेथील शेतकरी १९४१ पासून रेडिओभोंवतीं असे जमत. एकेका मंडळांत १५-२० माणसें. आठवड्यांतून दोनदां अर्धा तास कार्यक्रम ऐकायचा, मग पेटी बंद करून आपसांत वाद घालायचा, आणि जी शंका उरेल ती केंद्राकडे लिहून धाडायची. पुढच्या कार्यक्रमांत केंद्रानें तिचें उत्तर द्यायचें. असे १० आठवडे, २० कार्यक्रम झाले. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंतर्फे पॉल न्यूरथ यांनीं त्याची परीक्षा घेतली. कांहीं गांवें मंडळांचीं, कांहीं रेडिओ असून मंडळ नसलेलीं, कांहीं रेडिओच नसलेलीं, अशीं त्यांनीं ताडून पाहिलीं. मंडळांच्या गांवीं लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसत्या रेडिओच्या गांवीं वाढ थोडकीच! शिवाय मंडळें बोलून थांबलीं नाहींत. कोठें विहीर खोदली, कोठें जातिवंत वळू आणि लेगहॉर्न कोंबड्या आणविल्या, कोठें बालवाडी काढली. पेटी तीच आणि आवाजही तोच होता.

१९५९ सालीं ही योजना साऱ्या देशांत नेली आणि तिची कळा गेली. सेट बिघडले, ते दुरुस्त होईनात. प्रश्न गेले, उत्तरें येईनात. २००४ सालीं किसानवाणी आली, तीही उपयोगाचीच; पण गांवोगांवचीं मंडळें कांहीं तिच्यामागून परत आलीं नाहींत. खात्यांना सांगण्याची हौस फार, ऐकून घेण्याची नाहीं.

दुसरी एक गोष्ट कोणी उघड बोलत नाहीं. गांवची पेटी ठेवायची कोणाच्या ओसरीवर? पाटलाच्या वाड्यांत ठेवून ‘सर्वांसाठीं आहे’ म्हणणें म्हणजे विहीर सर्वांची म्हणून पाटी लावायची आणि दोर आपल्या हातीं ठेवायचा! आम्ही भटजींच्या नांवानें बोटें मोडतों, पण आपल्या पायरीवर कोण चढूं शकत नाहीं हें पाहत नाहीं. आणि घरांतली बाई? खुरपणी तिची, बियाणें राखणें तिचें. शेतीच्या चर्चेंत मात्र तिची जागा चुलीपाशीं.

या बाबतींत माचनूरकडे पाहावें. हवेंतील लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असा निकाल १९९५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें दिला, न्या. पी. बी. सावंत त्या पीठावर होते. ११ वर्षांनीं, २००६ सालीं, सरकारनें लोकसंस्थांना लहान केंद्रें काढण्याची परवानगी दिली. २००८ सालीं जुन्या मेदक जिल्ह्यांतील माचनूर येथें गरीब दलित स्त्रियांनीं असें केंद्र चालवावयास घेतलें. भरड धान्यें, जुनें बियाणें, सणवार, झाडपाल्याचीं औषधें यांविषयीं त्या आपल्याच बोलींत बोलूं लागल्या. आपल्याकडे माण तालुक्यांत म्हसवडलाही त्याच सालीं माणदेशीचें केंद्र निघालें. गोष्ट अशक्य नाहीं. अशा केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मात्र बंदी. आकाशवाणीची बातमी तेवढी जशीच्या तशी लावावी! गारपीट आमच्या रानांत, आणि तिची बातमी दिल्लीहून फिरून यायची. ही बंदी उठलीच पाहिजे.

तोंवर आमचें म्हणणें फार खर्चाचें नाहीं. आकाशवाणीवर शेतीचा कार्यक्रम लागतो त्या वेळीं शाळेच्या ओट्यावर जमा. तेथें कोणाची पायरी नाहीं. सुतार, लोहार, कुंभार, सर्व वस्त्यांचे लोक आणि बाया, सर्वांना बोलवा. ऐका, पेटी बंद करा आणि भांडा. बोंडअळीचा उपाय सांगितला तो कोरडवाहू रानाला परवडतो कां? औषध महाग, मग दुसरें कांहीं आहे कां? ट्रॅक्टर आल्यावर तिफण घडविणाऱ्यानें काय करावें? असे प्रश्न कार्डावर लिहा. ज्याला लिहितां येत नाहीं त्याचा प्रश्न मास्तरानें लिहावा, पण त्याच्याच शब्दांत; सुधारून नव्हे. एक प्रत केंद्राकडे धाडा, एक आमच्याकडे. उत्तर आलें तर तें या पानावर छापूं. महिनाभर आलें नाहीं, तर तोच प्रश्न धाडल्याच्या तारखेसह दर आठवड्यास छापीत राहूं.