सही करणाऱ्याने काय पाहिले?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीच्या नावाने महापालिकेची नोटीस आली. इमारतीस तीस वर्षे पूर्ण झाली आहेत, तरी स्थैर्य प्रमाणपत्र सादर करावे, असा मजकूर. नोटीस आली की आपल्याकडे आधी घबराट उडते, मग धावपळ होते आणि शेवटी "कुणाच्या तरी ओळखीने मिटवून टाका" असा सल्ला निघतो. तसेच झाले. सेक्रेटरींच्या ओळखीने एक अभियंता मिळाले. फी कमी, आणि चार दिवसांत प्रमाणपत्र हातात. जाड कागद, वर ठळक नाव, खाली सही, गोल शिक्का, नोंदणी क्रमांक. इमारत मनुष्यवस्तीस योग्य आहे, असा निर्वाळा.

सर्वसाधारण सभेत ते वाचून दाखवले तेव्हा टाळ्या पडल्या. तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या मावशी उठल्या. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा सुटून नातीच्या पाळण्यात पडला होता. मूल त्या क्षणी आईच्या मांडीवर होते म्हणून निभावले. मावशी एवढेच म्हणाल्या, "कागद चांगला आहे. पण हे साहेब माझ्या घरात कधी आले होते?"

कुणाला उत्तर देता येईना. वॉचमनला विचारले तेव्हा कळले की साहेब कंपाउंडमध्ये एक फेरी मारून, चार फोटो काढून आणि सोसायटीच्या ऑफिसात चहा घेऊन गेले. जिना चढले नाहीत.

मी बी.कॉम. झालेला कारकून. वीस वर्षे कागदच तपासतो आहे. पण खरे सांगतो, मीसुद्धा त्या प्रमाणपत्रावर सही, शिक्का, तारीख आणि जावक क्रमांक एवढेच पाहिले होते. घरी आणून पुन्हा वाचले तेव्हा तळाशी बारीक अक्षरातली ओळ दिसली. सदर प्रमाणपत्र केवळ दृश्य पाहणीवर व सोसायटीने दिलेल्या माहितीवर आधारित आहे. ही ओळ माझ्या ओळखीची निघाली. हिशेब तपासनीसही आपल्या अहवालात लिहितात की आम्हांस मिळालेल्या माहितीनुसार व खुलाशानुसार. म्हणजे जे दाखवले ते पाहिले, जे दाखवले नाही त्याचे आम्ही जामीन नाही. आणि आमच्या सोसायटीने मावशींच्या छताची माहिती त्यांना दिलीच नव्हती.

इमारतीच्या बाबतीत सहीला इतके महत्त्व का, हे आधी समजून घेऊ. स्लॅब टाकण्यापूर्वी सळ्या बांधलेल्या असतात. त्या किती जाडीच्या, किती अंतरावर, कुठे वाकवलेल्या, हे त्या एका दिवशी दिसते. दुसऱ्या दिवशी काँक्रीट ओतले की सगळे झाकले जाते. पुढे पन्नास वर्षे तुम्ही-आम्ही त्या स्लॅबखाली झोपतो, पण आत काय आहे ते आपल्याला दिसत नाही. महापालिकेचा अभियंता शहरातल्या प्रत्येक स्लॅबपाशी उभा राहू शकत नाही. म्हणून कायद्याने ही जबाबदारी ज्ञान असलेल्या, नोंदणीकृत माणसावर टाकली. वास्तुविशारद किंवा परवानाधारक सर्वेक्षकाने नकाशा नियमाप्रमाणे असल्याचे सांगायचे, संरचना अभियंत्याने खांब, बीम आणि पायाचे गणित मांडून सही करायची, कामावरच्या पर्यवेक्षकाने काम तसे झाले याची हमी द्यायची. पुरे झाल्यावर पुन्हा हीच मंडळी पूर्णत्वाचा आणि स्थैर्याचा दाखला देतात. त्यावर अग्निशमन, लिफ्ट, मलनिःसारण यांचे दाखले जोडले जातात आणि मग भोगवटा प्रमाणपत्र मिळते. त्यालाच आपण ओसी म्हणतो.

ही साखळी आपल्या लोकांना कुणी नीट सांगितलेली नाही. मुंबईत बिल्डरकडे गेलात की तो आयओडीचा कागद पुढे करतो आणि म्हणतो, "परवानगी आहे." त्या कागदाचे खरे नाव काय? मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ च्या कलम ३४६ खालील नामंजुरीची सूचना! खाली दिलेल्या अटी पूर्ण होईपर्यंत तुमचा प्रस्ताव नामंजूर, असा तिचा अर्थ. त्यानंतर सीसी म्हणजे बांधकाम सुरू करण्याचा दाखला येतो, तोही बहुधा आधी फक्त जोत्यापर्यंतचा. जोते तपासल्यावर वरचा. आणि घरात राहायला जाण्याचा दाखला म्हणजे ओसी. १९६३ च्या महाराष्ट्र सदनिका मालकी कायद्यात, म्हणजे मोफामध्ये, स्पष्ट म्हटले आहे की पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये. इतकेच नव्हे, घेणाऱ्यानेही ताबा घेऊ नये. हे दुसरे अर्धे वाक्य आपल्याला कुणी वाचून दाखवत नाही. भाडे आणि कर्जाचा हप्ता दोन्ही एकदम भरणारा माणूस चावी हातात आली की कागदासाठी थांबत नाही, हे मला समजते. मीही थांबलो नव्हतो.

आता सही खोटीच असली तर? कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत हे घडले. महापालिकेच्या नावाच्या बनावट बांधकाम परवानग्या तयार झाल्या, त्या दाखवून महारेराची नोंदणी मिळवली गेली, आणि ती नोंदणी पाहून लोकांनी विश्वासाने घरे घेतली. २०२२ साली गुन्हे दाखल झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. घर घेणाऱ्यांनी कागद पाहिला नव्हता असे नाही. पाहिला होता, पण ज्या कार्यालयातून तो निघाल्याचे लिहिले होते तिथे जाऊन विचारले नव्हते. माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून अर्ज करता येतो की अमुक इमारतीला अमुक क्रमांकाची परवानगी आपण दिली आहे काय. आयुष्याची पुंजी घालण्यापूर्वी हे दहा रुपये जरूर घालावेत.

सही खरी आणि पाहणी कच्ची, हा प्रकार मात्र अधिक अवघड आहे, कारण तो पकडताच येत नाही. १४ मार्च २०१९ रोजी संध्याकाळी सीएसएमटी स्थानकाजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि सात जीव गेले. या पुलाचे स्ट्रक्चरल ऑडिट झालेले होते. अहवालात पूल ठीक असून किरकोळ दुरुस्ती हवी, असा शेरा होता. पोलिसांनी ऑडिट करणाऱ्यालाच अटक केली आणि महापालिकेच्या प्राथमिक चौकशीत असे म्हटले गेले की ऑडिट नीट झाले असते तर कदाचित ही दुर्घटना टळली असती. त्या दिवशी पुलावरून जाणाऱ्या माणसाला असा काही अहवाल आहे हे ठाऊकही नसेल. त्याने कागदावर नव्हे, पुलावर विश्वास ठेवला होता.

आणि पाहणी पक्की असूनही पुढे कागद शिळा होतो, तोही एक प्रकार आहे. २०१७ च्या जुलैमध्ये घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, १७ जण गेले. तळमजल्यावर फेरबदल करताना खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला. इमारतीचे वजन त्या खांबांवर उतरते. वरच्या मजल्यावरच्या माणसाने आपल्या घरात एक खिळाही ठोकला नसला तरी खालच्याने खांब तासला की संकट वरच्यावरही येते. खाली दुकान किंवा दवाखान्याचे काम सुरू झाले, ब्रेकर वाजू लागला, तर जुना दाखला बासनात ठेवून आधी खाली जाऊन पाहावे. वाईटपणा येतो, पण येऊ द्यावा.

मावशींच्या प्रश्नानंतर सभेत बरीच खडाजंगी झाली. "नोटिशीचे उत्तर गेले की झाले, उगाच खर्च कशाला?" असे म्हणणारे निम्म्याहून अधिक होते. सेक्रेटरींनी त्या अभियंत्यांना फोन केला, तर ते म्हणाले की सगळीकडे असेच करतात. हे ऐकल्यावर मात्र काहीजण इकडचे तिकडे झाले. मी कलम ३५३-ब ची प्रत वाचून दाखवली. तीस वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी महापालिकेकडे नोंदणी असलेल्या संरचना अभियंत्याकडूनच करून घ्यायची, एका वर्षाच्या आत प्रमाणपत्र आयुक्तांकडे द्यायचे, पुढे दर दहा वर्षांनी पुन्हा, आणि अभियंत्याने दुरुस्ती सुचवली तर ती करायची. सोसायटीच्या आदर्श उपविधींत तर याहून कडक आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा ऑडिट, तीस वर्षांपुढे तीन वर्षांतून एकदा. अखेर थोड्या मतांनी ठराव झाला आणि दुसरे अभियंता आणले.

हे गृहस्थ तीन दिवस येत होते. एकेका घरात शिरून, पलंग बाजूला सारून, मोरीच्या भिंतीला हात लावून पाहत होते. हातोडीसारखे यंत्र खांबावर दाबून त्याची उसळी मोजली, त्यावरून वरच्या थराचा टणकपणा कळतो. दुसऱ्या यंत्राने ध्वनिलहर काँक्रीटच्या आरपार सोडून तिला लागणारा वेळ मोजला. आत भेगा किंवा पोकळी असेल तर लहर उशिरा पोचते. पोरांना सर्वांत मौज वाटली ती गुलाबी रंगाची. काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर एक औषध फवारतात. काँक्रीट निरोगी असेल तर ते गुलाबी होते, बिघडले असेल तर रंग येत नाही, आणि अशा ठिकाणी आतल्या सळ्यांना गंज लागण्याची भीती असते. आमच्या मधल्या खांबावर गुलाबी आले. मावशींच्या छताला आले नाही.

अहवालात प्रत्येक फोटोखाली घर क्रमांक आहे, कोणती चाचणी कुठल्या खांबावर घेतली ते आहे, दोन घरांना कुलूप असल्याने आत जाता आले नाही हेसुद्धा लिहिले आहे. मला त्या अहवालातला सर्वांत विश्वासू भाग तोच वाटला. न पाहिलेले पाहिले नाही म्हणून लिहिणारा माणूस, बाकीचे त्याने पाहिले असणार. इमारत सी-२-बी वर्गात बसली, म्हणजे घरे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तात्काळ रिकामी करून पाडायची. सी-२-ए म्हणजे काही भाग रिकामा करून किंवा पाडून मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ काम.

भाड्याच्या जुन्या घरात राहणाऱ्या वाचकांसाठी इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. कधी कधी मालकाचा अहवाल इमारत सी-१ म्हणतो आणि भाडेकरूंचा अहवाल सी-२ म्हणतो. असे दोन परस्परविरोधी अहवाल झाले की प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे नेता येते. मालकाचा कागद पाहून घाईने सही करू नये, आणि छत खरोखर खचत असताना हट्टाने बसूनही राहू नये. इमारत पाडली गेली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिलेला आहे. घर सोडण्यापूर्वी आपल्या खोलीचे क्षेत्रफळ महापालिकेकडून मोजून नोंदवून घ्यावे आणि त्याची प्रत आपल्या ट्रंकेत ठेवावी, मालकाच्या कपाटात नव्हे.

आमच्याकडे आता दुरुस्तीसाठी घरटी हप्ता बसवला आहे. ज्यांनी सभेत सर्वांत मोठ्याने विरोध केला त्यांनी पहिला हप्ता सर्वांत आधी भरला, हेही नमूद करतो. मावशींच्या स्वयंपाकघरात दोन लोखंडी टेकू उभे आहेत आणि त्यांच्यामधून वाट काढत त्या भाकरी करतात. पाळणा बाहेरच्या खोलीत आला आहे. सात घरांचे पैसे अजून यायचे आहेत, कुलूप असलेल्या त्या दोन घरांची पाहणीही राहिली आहे. त्यासाठी येत्या रविवारी पुन्हा सभा बोलावली आहे.